किटलीचा मान

केकवाली पहिली आली, आणि तिथेच तिला संशय आला.

पहिली येणं तिला नवीन नव्हतं. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दर शनिवारी संध्याकाळी चौघीजणी एक मोठी फेरी धावायच्या. आजारपणाच्या आधी त्यात तीच पुढे असायची, आणि पुढे असल्याचं आठवडाभर कुणाला विसरू द्यायची नाही. पण आता? डाव्या छातीच्या जागी मिठाच्या पाण्याची पिशवी, औषधांनी पिळून काढलेलं अंग, पायांत जोर म्हणाल तर शिळ्या पावाइतका. अशी बाई पोस्टवालीला मागे टाकते म्हणजे एक तर ती देवाची लाडकी असली पाहिजे, नाही तर कुणीतरी तिला बनवत असलं पाहिजे. देवाने केलेले लाड तिने वर्षभर पुरेसे भोगले होते. म्हणजे उरलं दुसरं.

या धावण्याला नियम एकच. जी शेवटची येईल तिने किटली घरी न्यायची आणि पुढच्या शनिवारी चहाने भरून आणायची. किटली ॲल्युमिनियमची, एका बाजूने चेपलेली, झाकण दोरीने बांधलेलं. ती हातात घेऊन रस्त्याने निघालेली बाई हरलेली आहे हे गल्लीतल्या लहानथोरांना कळायचं, आणि कळावं यासाठीच तर ती होती. गेली कित्येक वर्षं किटलीचा मुक्काम वन्संकडे होता. वन्सं म्हणजे केकवालीची थोरली नणंद, शाळेत भूगोल शिकवणारी. खाली बेकरी, मधल्या मजल्यावर केकवाली आणि तिचा नवरा, वरच्या मजल्यावर वन्सं आणि सासूबाई, असं घर. वन्संनी लग्न केलं नव्हतं आणि त्याचा त्यांना कधी पस्तावा झाला नव्हता. पस्तावा झाला असेल तर तो फक्त भावजयीबरोबर धावायला लागल्याचा. "किटलीला आता तुमचंच आडनाव लावा, वन्सं," असं केकवाली त्यांना चारचौघींत म्हणायची. वन्सं हसायच्या आणि किटली उचलायच्या.

मग ती गाठ निघाली, छाती काढावी लागली आणि त्याच वेळी कातडीखाली, स्नायूच्या आत, एक रिकामी पिशवी बसवली गेली. डॉक्टरीणबाई थोड्या थोड्या दिवसांनी चुंबकाने त्या पिशवीचं तोंड शोधायच्या आणि सुईने त्यात पाणी भरायच्या. कातडी ताणून जागा तयार झाली की मग पिशवी काढून कायमचं काय ते बसवायचं, असा बेत. केकवालीला हे सगळं ओळखीचं वाटलं. आयुष्यभर तिने पावाच्या पोटात नळी खुपसून मलई भरली होती. आता आपली पाळी, इतकंच. प्रत्येक भरणीनंतर दोन दिवस छातीवर कुणी लोखंडी ट्रे ठेवून विसरून गेल्यासारखं वाटायचं. भरता भरता डावी बाजू अशी ताठ उभी राहिली की उजवी बिचारी वयाप्रमाणे टेकून बसलेली दिसायची. "एक सावधान, एक विश्राम," असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा भट्टीत तोंड घालून हसला, आणि बराच वेळ त्याने तोंड बाहेर काढलं नाही.

त्या दिवसांत घरी माणसांची रीघ लागली होती. कुणी पपईचा पाला सांगितला, कुणी हळद, कुणी मन प्रसन्न ठेवायला सांगितलं आणि स्वतः रडून गेली. एक शेजारीण म्हणाली, जीव वाचला ना, मग पुन्हा हे भरणं-बिरणं कशाला, या वयात कोण बघतंय. केकवालीने तिला विचारलं, की तुमचे पुढचे दोन दात पडले तेव्हा नवे कुणासाठी बसवले होते. शेजारीण परत आली नाही, तेवढाच फायदा. वकीलबाईंनी, म्हणजे टोळीतल्या तिसरीने, गुलाबी टोपी आणून दिली. तिच्यावर 'लढवय्यी' असं भरतकाम. केकवालीला टोपीचा राग नव्हता, शब्दाचा होता. लढली कुठे ती? तिला भूल दिली होती. लढाई झाली तेव्हा ती घोरत होती.

सासूबाईंचं तर वेगळंच. सून घरात आल्यापासून ज्या बाईने तिच्या चहाला, पोळीला, चालण्याला, उभं राहण्याला नाव ठेवलं, तिने एकाएकी बोलणंच सोडलं. चहा कसाही असो, "छान झालाय." केर तसाच राहो, "राहू दे गं." एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी म्हातारी तो पिऊन गेली. त्या दिवशी केकवालीला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपण मरणार आहोत आणि हे फक्त आपल्यालाच सांगितलेलं नाही, असं तिच्या मनात आलं. रिपोर्ट सगळे चांगले होते. पण रिपोर्टांपेक्षा तो पिऊन टाकलेला चहा जास्त खरा वाटत होता.

म्हणून तिला धावायचं होतं. बारीक व्हायला नाही, प्रेरणा द्यायला तर नाहीच. आपली गणना अजून कशात होते, ते तिला बघायचं होतं.

आधी महिनोन्‌महिने नुसतं चालणं झालं. मग हात भिंतीवर बोटांनी वर चढवण्याचे व्यायाम. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की आता हळूहळू धावायला हरकत नाही. छाती घट्ट धरून ठेवणारी, पुढून उघडणारी बंडी घाला, उड्या नकोत, दंड काढायचे नाहीत, डाव्या हाताने ओझं नको, आणि ओढ बसली की थांबायचं. पुढच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा काही दिवस सुट्टी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. केकवालीने मान डोलावली आणि विचारलं, भरलेली किटली उचलली तर चालेल का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या हाताने उचला. त्यांना वाटलं, पेशंटला चहाची आवड दिसते.

आणि मैदानावर परत आल्यापासून ती दर शनिवारी पहिली.

पहिल्यांदा ती खूश झाली, खोटं कशाला बोला. दुसऱ्यांदा जरा कमी. मग ती बघायला लागली. वकीलबाईंच्या पोटरीत गोळा यायचा, पण तो नेमका चिंचेच्या झाडापाशीच यायचा, जसं काही झाडाने वकीलपत्र दिलं होतं. वन्संना धाप लागायची. ती खरी असेल, कारण ती नेहमीचीच होती. पण पोस्टवाली? दिवसभर जिने चढणारी, कुत्र्यांच्याही पुढे पळणारी ही बाई शेवटच्या वळणावर बुटाची नाडी बांधायला खाली बसायची. आज केकवालीने शेवटच्या रेषेवरून वळून त्या बुटांकडे नीट पाहिलं. बुटांना नाडीच नव्हती. चिकटपट्टी होती.

त्या दिवशी ती चहा पिऊन घरी गेली. पुढच्या शनिवारी मात्र निघाली ती बेत करूनच.

अर्ध्या फेरीपर्यंत ती आपल्या चालीने धावली. मग तिने वेग कमी केला. मागच्या पावलांचा आवाजही कमी झाला. ती चालायला लागली. मागच्याही चालायला लागल्या. ती आणखी हळू झाली, लग्नात नवरी चालते तशी. मागे वऱ्हाड तसंच. शेवटी ती वाटेतच उभी राहिली. तिघी तिच्या मागे ओळीने उभ्या राहिल्या. कोपऱ्यात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी खेळ थांबवला आणि ते बघत राहिले. केकवालीने खाली बसून आपल्या बुटाची नाडी सोडली आणि सावकाश बांधली. वकीलबाईंनी पोटरी धरली. पोस्टवाली खाली वाकली आणि चिकटपट्टी उघडून पुन्हा लावली. तिचा चर्र आवाज मैदानभर ऐकू गेला.

"किती दिवस चाललंय हे?" केकवालीने विचारलं.

पोस्टवालीने वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई म्हणाल्या, की असं काही ठरलेलं नाही, आणि ठरलेलं असलं तरी ते चांगल्या हेतूने ठरलेलं आहे. पोस्टवाली म्हणाली, तिला आधीपासून पटत नव्हतं. रोज कामावर पळायचं आणि शनिवारी रांगायचं, त्याने तिचे गुडघे दुखायला लागलेत. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बेकरीच्या मागच्या बाकावर बसून, केकवालीच्याच हातचे बन खात, तिघींनी ठरवलं होतं, की हिला मागे टाकायचं नाही आणि किटली हिच्या हाती जाऊ द्यायची नाही. कल्पना वन्संची.

"बन तरी पैसे देऊन खाल्लेत का?" केकवालीने विचारलं. कुणी हसलं नाही. तिलाही हसू येत नव्हतं. डाव्या बाजूला ओढ बसत होती, ती धावण्याची नव्हती.

वन्सं जमिनीकडे बघत होत्या. भूगोलाच्या बाई, पण जमीन पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या.

"तू आत होतीस ना टेबलावर," त्या म्हणाल्या, "मी बाहेर बाकावर बसले होते. मनात म्हटलं, ही परत धावली तर जन्मभर किटली मी उचलेन. तुला एकदाही हात लावू देणार नाही."

केकवाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, किटली जन्मभर तुमच्याकडेच असणार होती. आपल्याकडे आहे तेच देवाला कबूल केलंत होय? यात तुमचं गेलं काय?"

पोस्टवाली फस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. वन्संचा चेहरा हसू की रडू या दोघांत अडकला.

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "तू मागे राहिलेली मला बघवणार नाही."

"मग पुढे बघून धावा." केकवालीचा आवाज जरा चिरकला, तो तिने खाकरून सरळ केला. "आजाऱ्याला सगळे जिंकू देतात, वन्सं. घरी तुमची आई मिठाचा चहा पिते. इथे तुम्ही तिघी झाडाला टेकता. मी मेल्यावर करायचं ते सगळं तुम्ही आत्ताच उरकून घेताय. मला हरवा एकदा. नीट, दात-ओठ खाऊन."

पोस्टवालीने विचारलं, "दात-ओठ खाऊन म्हणजे खरंच?"

"खरंच."

"मग मागून शिव्या द्यायच्या नाहीत हं," असं म्हणून पोस्टवाली पुन्हा सुरुवातीच्या रेषेकडे चालायला लागली, आणि चालतानाच तिचे खांदे बदलले.

ती फेरी गल्लीत बरेच दिवस सांगितली गेली. पोस्टवाली अशी सुटली की पोरांनी चेंडू बाजूला घेतला. वकीलबाई चिंचेच्या झाडावरून ओळख न दाखवता निघून गेल्या. वन्सं एकदा मागे वळल्या, तेव्हा केकवालीने लांबूनच मूठ दाखवली. मग वन्संनी पदर खोचावा तसा सदरा खोचला आणि त्या धावल्या. इतकी वर्षं मागून त्यांचे फक्त श्वास ऐकलेल्या केकवालीला पहिल्यांदाच त्यांची पाठ दिसली. टाचा बाहेर टाकत, बदकासारख्या, पण पळत होत्या. अंतर वाढत गेलं. केकवालीने ते वाढू दिलं असं नाही. तिला ते कमी करताच येईना. पाय जड, तोंड कोरडं, डावीकडे तो ट्रे. वळणावर ओढ बसली तशी ती थांबली, डॉक्टरीणबाईंचं ऐकलं, उजव्या हाताने कंबर धरून चालली, ओढ गेल्यावर पुन्हा धावली. हरणं सोपं असेल असं तिला वाटलं होतं. ते तसं नव्हतं. तिला राग आला, खरा, जुना, ओळखीचा राग, आणि तो राग आल्यावर कितीतरी दिवसांनी तिला आपण घरी आल्यासारखं वाटलं.

ती पोहोचली तेव्हा तिघींनी चहा संपवला होता. तिच्यासाठी तळाचा गाळ.

वन्संनी किटली पुढे केली, पण सोडवेना. दोघींनी दांडी धरलेली. "डावा हात नाही ना लावणार?" वन्संनी विचारलं. केकवालीने उजव्या हाताने ती ओढून घेतली.

रस्त्याने ती मुद्दाम मधोमध चालली. वाण्याने विचारलं, आज तुम्ही? चपलांच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, हे कसं काय? "हरले," ती प्रत्येकाला म्हणाली, आणि पूर्वी जिंकल्याचं सांगायची त्याहून जास्त वेळ घेऊन म्हणाली. मागून वन्सं मोकळ्या हाताने येत होत्या. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे.

घरी सासूबाई दारातच होत्या. सुनेच्या हातात किटली पाहून त्यांचा हात छातीशी गेला, आणि ओझं का उचललंस, असं काहीतरी त्या सुरू करणार, तेवढ्यात त्यांना मागून येणारी रिकाम्या हातांची लेक दिसली.

"तू शेवटची नाही आलीस?" त्यांनी लेकीला विचारलं.

"तिसरी," वन्सं म्हणाल्या.

म्हातारीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून केकवाली किटली धरून तशीच उभी राहिली. सुनेचं आजारपण, ती पिशवी, तो सगळा कळवळा, एका क्षणात पुसला गेला. "माझी लेक तिसरी आली," त्या जिन्यावरून खाली ओरडून भट्टीजवळच्या मुलाला म्हणाल्या. "आणि तुझी बायको शेवटची."

मग त्यांनी केकवालीच्या हातातून किटली घेतली, झाकण उघडून आत पाहिलं, नाक मुरडलं. आत वर्षानुवर्षांचा चहाचा काळा थर होता. तो लेकीचा होता, हे त्यांना माहीत नसणं शक्य नव्हतं.

"बघितलंस कशी ठेवलीय," त्या सुनेला म्हणाल्या. "घास नीट. आणि चहा करशील तेव्हा साखर बघून घाल. त्या दिवशी मीठ घातलं होतंस, मी बोलले नाही."

केकवालीने बाही सारली आणि राख शोधायला गेली. थर जाड होता. उजव्या हाताने घासायचं म्हणजे वेळ लागणार होता.