मेलेल्यांच्या रांगेत चेओ

एलिसेओ मोंतालबान, घरच्यांचा चेओ, टोपी हातात घेऊन आईच्या घरात शिरला आणि जागीच थिजला. समोर भिंतीला लागून मृतांची वेदी मांडली होती. झेंडूची कमान, मेणबत्त्या, मीठ, पाण्याचा पेला, धुपाटण्यातून निघणारा धूर. वर आजोबा, आजी, बाबा, तापाने गेलेला काका, सगळे आपापल्या चौकटीत. आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या चौकटीत, चांदीच्या बटणांचा घोडेस्वाराचा पोशाख घालून दात दाखवत हसणारा तो स्वतः.

मेक्सिकोतल्या सांता प्रिस्का गावात दोन नोव्हेंबरला मेलेले घरी भेटीला येतात, म्हणून घरोघर वेदी असते. पण जिवंत माणसाचा फोटो तिच्यावर कुणी चुकूनही ठेवत नाही. ठेवला की वर्षाच्या आत त्याला बोलावणं येतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. एलिसेओने राजधानीत बंगला बांधला, दोन बायका केल्या नि दोन्ही सोडल्या, अमेरिकेत जाऊन गाऊन आला, पण ही भीती काही त्याच्या अंगातून गेली नव्हती.

"रेमे!" त्याने बहिणीला हाक मारली. हाक कसली, नुसती फुसफूस.

स्वयंपाकघरातून रेमेदिओस आली. कोपरापर्यंत हात मक्याच्या पिठाने भरलेले. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलात? या, या. स्वतःच्या श्राद्धाला अगदी वेळेवर पोचलात. आणि हा आवाज काय? पडसं झालंय?"

"तो फोटो काढ आधी!"

"तूच काढ ना. मी दरवर्षी काढते आणि आई दरवर्षी घर डोक्यावर घेते. एकदा तर चार दिवस अन्नाला शिवली नाही. शेवटी म्हटलं, राहू दे बाई. आमचे साहेब नाहीतरी आमच्या लेखी मेल्यातच जमा."

त्याने मान खाली घातली. पडसं नव्हतं ते. घशात गाठ होती. येत्या सोमवारी ती कापायची होती आणि पुढे गाता येईल का, हे डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. ज्या गळ्यावरून अख्ख्या मेक्सिकोने जीव ओवाळून टाकला, तो गळा! बाजारात टोपल्यांवर बसून गाणारं पोरगं रेडिओवर गेलं, रेडिओवरून पडद्यावर गेलं, आणि मग पंधरा-वीस वर्षं तेच ते: घोडा, दारूचा गुत्ता, खिडकीखाली गाणं, छातीत गोळी. लोकांना तेच हवं होतं. तिकिटासाठी डोकी फोडून घ्यायचे लोक.

आता सगळा डोलारा सोमवारवर येऊन टेकला, तेव्हा त्याला आई आठवली. तिचा आशीर्वाद हवा होता त्याला. घरातून निघताना तिथल्या आया अंगठ्याने लेकराच्या कपाळावर क्रूस काढतात, तो. तरुणपणी पळून गेला तेव्हा तो न घेताच गेला होता. पुढे रेडिओ पाठवला, फ्रिज पाठवला, रेशमी शाली पाठवल्या. स्वतः यायला तेवढी सवड झाली नाही. एवढ्या वर्षांत काहीच बिघडलं नाही म्हणून आशीर्वादाशिवायही भागतं असं वाटलं होतं. या वेळी तसं वाटेना, आणि गाठीचं कुणालाही न सांगता त्याने गावची वाट धरली.

"पण आईने हा ठेवलाच का?" त्याने विचारलं.

"तुझाच प्रताप. भिंतीशी उभं करून तुला गोळ्या घालतात, तो पिक्चर आठवतो? फिरत्या सिनेमावाल्याने चर्चच्या पटांगणात चादर टांगून दाखवला होता. आईने तोवर जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता. गाता गाता तू पडलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपली आई किंचाळत चादरीकडे धावली. पाद्रीबाबांनी समजावलं, सगळं खोटं असतं म्हणून. तेव्हा पटलं तिला, स्वतःला हसलीसुद्धा. पण नंतर डोकं उतरणीला लागलं. एकेक गोष्ट गळत गेली. माझं लग्न विसरली, माझी पोरं विसरली. तुझं मरण तेवढं पक्कं बसलंय. डोळ्यांनी पाहिलंय ना तिने!"

"पण त्याच्या पुढच्या पिक्चरमध्ये मी चांगला जिवंत होतो की!"

"तो आमच्याकडे आलाच नाही," रेमेदिओस म्हणाली आणि पीठ मळायला निघून गेली.

तेवढ्यात चौकातला भोंगा खरखरला आणि गाणं सुरू झालं. त्याचंच. भरदार, मोकळा, टिपेला जाऊन तिथेच ऐसपैस बसणारा तो जुना आवाज गल्लीतून आला आणि घरभर झाला. एलिसेओने नकळत गळ्यावर हात ठेवला. आपण इथे असताना आपला आवाज बाहेर एकटाच हिंडतोय, हे त्याला सहन होईना. त्याने फोटोकडे हात नेला.

"आलास? या वर्षी जरा लवकरच आलास."

मागे आई उभी होती. केवढीशी झाली होती! काळी शाल, वेणीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या आणि चेहऱ्यावर निर्मळ आनंद. आश्चर्य मात्र नावाला नाही. तो मिठी मारायला धावला तशी ती झटकन मागे सरली.

"अंहं! शिवायचं नाही चेओ. शिवलं की तुम्हाला परतीची वाट सापडत नाही. बस तुझ्या खुर्चीवर."

वेदीशेजारी खरंच एक खुर्ची होती. पाठीवर धुतलेला सदरा टाकलेला. तो बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण बरोबर आपल्याच फोटोखाली बसलोय.

"आई, मी मेलो नाहीये. बघ ना माझ्याकडे."

"सगळे असंच म्हणतात रे. तुझे बाबाही आधी कबूल होत नव्हते."

"माझा आवाज तरी ऐक!"

"ऐकतेय की. मेलेल्यांचा असाच असतो, आतल्या आत."

"आणि बाहेर गातोय तो कोण? मीच ना?"

"हो, पण तो तू जिवंत होतास तेव्हाचा," आई शांतपणे म्हणाली.

तिने वेदीवरचं ताट उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं. केळीच्या पानात उकडलेली मक्याची वडी, वर मिरची नि चॉकलेटचा घट्ट रस्सा. लहानपणी याच्यासाठी तो बहिणीशी मारामारी करायचा. त्याने घास घेतला. चव नाही. दुसरा घेतला. तोंडात नुसता ओला गोळा. मृत येतात ते चव घेऊन जातात, मागे नुसतं अन्न उरतं, असं आजी सांगायची. औषधांनी जीभ मेली असेल, त्याने स्वतःला बजावलं. पण घास गिळवेना.

शेजारचे म्हातारे कायेतानो वेदीसाठी पाव घेऊन आले आणि उंबऱ्यातच अडखळले. एकदा फोटो पाहिला, एकदा खुर्ची पाहिली.

"येशू, मारिया, जोसेफ! एलिसेओ, बाबा रे, तू येणार ते कळवायचं तरी होतंस! माझ्या वयाच्या माणसाला असं घाबरवतात होय?" असं म्हणून ते हसले, पण छातीवर क्रूस काढल्यावरच हसले. पाव ठेवला आणि काढता पाय घेतला. निरोपाला पुढे केलेला एलिसेओचा हात तसाच राहिला.

आई त्याच्यासमोर ठाण मांडून बसली होती.

"घसा कसा आहे आता? गेल्या वर्षी फार कण्हत होतास."

एलिसेओच्या हातातला घास ताटात पडला. गेल्या वर्षी त्याला काही म्हणता काही झालं नव्हतं. गाठ कळली ती पावसाळ्यात. त्याने दाराकडे पाहिलं. रेमेदिओस तिथे उभी होती.

"तू सांगितलंस हिला?"

"काय सांगितलं? चेओ, काय झालंय घशाला?" तिचा आवाज पहिल्यांदाच कापला.

मग त्याने आईलाच विचारलं, आणि विचारताना त्याला खरोखर उत्तराची भीती वाटत होती. "आई, मी दरवर्षी येतो?"

"येतोस तर! इथेच बसतोस. मी काय काय बोलते ते ऐकून घेतोस, घाई करत नाहीस. जिवंत होतास तेव्हा एकदाही आला नाहीस रे बाळा. मेल्यापासून एक वर्ष चुकवलं नाहीस."

यात टोमणा नव्हता. असता तर त्याने सोसला असता, रेमेचे सोसले तसे. तिने कौतुकाने सांगितलं, आणि तेच त्याच्या काळजात घुसलं. कोण येऊन बसत होतं या खुर्चीत? आपण तिकडे घोड्यावर बसून खोट्या खिडक्यांखाली गात होतो, तेव्हा इथे आईजवळ कोण कण्हत होतं?

तो ताडकन उठला आणि त्याने चौकट दोन्ही हातांनी धरली. सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं आणि इकडे आपला फोटो मेलेल्यांत? नाही, हे चालायचं नाही.

"नको चेओ!" आई केविलवाणी ओरडली. "तो काढलास तर तुला घर कसं सापडेल?"

तिचा चेहरा पार पांढरा पडला होता. एलिसेओला हुंदका आवरला नाही. त्याने चौकट सोडली, थोडी तिरकी झाली होती ती सरळ केली आणि आईपुढे गुडघे टेकले.

"बरं, नाही काढत. पण मला आशीर्वाद दे आई. तेवढ्यासाठीच आलोय. सोमवारी फार गरज आहे गं मला."

आईचा हात उठला. बोटावर अंगठा आडवा धरून कपाळापर्यंत आला. त्याने डोळे मिटले. कपाळाला काहीच लागलं नाही. डोळे उघडले तर तिने हात मागे घेतला होता.

"वेडा रे वेडा," ती हसून म्हणाली. "तुम्हाला कशाला हवा आशीर्वाद? तुमचं सगळं भोगून झालं. आम्हाला लागतो तो."

मग तिने जमिनीला हात टेकून, कण्हत कुथत, स्वतःच त्याच्यासमोर गुडघे टेकले. डोक्यावरची शाल मागे सारली आणि सुरकुतलेलं कपाळ पुढे केलं.

"तू दे मला. माझे दिवस भरत आलेत चेओ. तिकडची वाट मला ठाऊक नाही, कुणाला विचारायची सोय नाही. फार भीती वाटते रे."

"शिवायचं नाही म्हणालीस ना?"

"आता मीच तुझ्याकडे यायची. शिव."

त्याने रेमेदिओसकडे पाहिलं. तिने पिठाचे हात तोंडावर धरले होते आणि ती ढसाढसा रडत होती. तिने फक्त मानेनेच हो म्हटलं. एलिसेओने अंगठा आईच्या कपाळावर ठेवला आणि हळूहळू क्रूस काढला, वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. "देव तुझ्यासोबत असो, आई," तो पुटपुटला. "वाट सोपी आहे. घाबरू नकोस."

"किती गार हात तुझे," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते, पण कपाळावरची आठी गेली होती. "पुढच्या वर्षी येशील ना?"

"येतो ना मी दरवर्षी," एलिसेओ म्हणाला.