मधली काच

हितेंद्रच्या आजोबांची मिल जिथे होती तिथे आता टॉवर आहे, आणि आजोबांची गाडी त्या टॉवरच्या तळघरात झाकून ठेवलेली असते. अठ्ठावन्न सालची विलायती गाडी. ती लिलावात काढायची म्हणून हितेंद्रने मला बोलावलं. जुन्या गाडीत कंपनीचं काय आणि मागाहून चिकटवलेलं काय, हे तपासून सांगणं हा माझा धंदा. लोक फी देतात आणि वर माझ्यावरच रागावतात.

"सीमा मॅडम, राजारामभाईंना पण घेऊन या," तो म्हणाला होता. राजारामभाई म्हणजे माझे वडील, आबा. त्या गाडीवर त्यांनी उभी हयात ड्रायव्हरकी केली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला साक्षीला न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण आबाच इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार बसले.

सगळा प्रश्न एका काचेचा होता. ड्रायव्हरची सीट आणि मागची सीट यांच्यामध्ये ती आडवी बसवलेली होती. कंपनीतूनच तशी आलेली असेल तर गाडीचा भाव चढणार, आणि हितेंद्रला तेवढंच हवं होतं. मला हवं होतं ते वेगळं. आम्ही डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतले बौद्ध. शेठाणी, म्हणजे हितेंद्रची पणजी, आबांना चहा वेगळ्या कपातून द्यायला लावायची, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. काचेबद्दल मात्र आबा सांगायचे, "अगं, विलायतेतनंच तशी येते ती." शेठाणी अंगठीने काचेवर टकटक करायची आणि आबा गाडी वळवायचे. लहानपणी मी आबांच्या पाठीवर टकटक करून गाडी-गाडी खेळायचे. काच आबांच्या आधीची असली तर तो खेळ खेळच राहणार होता. पुढे ऑटोमोबाईल शिकले, शेकडो गाड्या उघडून पाहिल्या, पण या एका गाडीच्या वाटेला कधी गेले नाही. घाबरत होते म्हणा ना.

"काच कंपनीचीच," आबांनी आल्या आल्या सांगून टाकलं. हितेंद्र खूश झाला.

मी चौकटीचा एक स्क्रू काढला. कारखान्यात भोकं आधी पाडतात आणि रंग मागाहून देतात, त्यामुळे रंग भोकाच्या आत उतरलेला असतो. इथे कड कोरी होती, गंजलेली. म्हणजे रंगावरून ड्रिल मारलं होतं. मी दुसरा स्क्रू काढला, मग तिसरा. एखाद्या तरी भोकात रंग दिसावा म्हणून टॉर्च घालघालून पाहिलं. शेवटी हितेंद्रला विचारून चौकटीची वरची पट्टीच उतरवली. काच पहिल्यापासून असती तर पट्टीखालचं छताचं कापड स्वच्छ निघायला हवं होतं. ते पिवळट, धुरकटलेलं निघालं. काच बसण्याआधी या गाडीत कुणीतरी वर्षानुवर्षं धूर सोडला होता.

"आबा, तुमच्या आधी गाडीवर कोण होतं?"

"शुक्लाजी. यूपीचा." आबा बॉनेटवरून हात फिरवत होते. "लई बिडी ओढायचा."

"गाडीत?"

"गाडीतच की. शेठाणी मागं बसलेली असली तरी."

"आणि कोणी काही बोलायचं नाही?"

"बामणाला कोण बोलतंय?" आबा म्हणाले, आणि त्यांचा हात थांबला.

त्या बाईला बिडीचा धूर चालला होता. अशी चीड आली की हातातला स्क्रूड्रायव्हर त्या काचेवर हाणावासा वाटला.

"काच मूळची नाही," मी हितेंद्रला सांगितलं. "गाडी काही वर्षं चालल्यावर बसवलीय."

त्याचं तोंड उतरलं. "राजारामभाई, तुम्ही तर कंपनीची बोललात. मग बसवली कशाला?"

आबांनी बॉनेटवरचा हात काढला. मग म्हणाले, "माझ्यासाठी. मीच गाडी गॅरेजला नेली होती. मिस्त्री भोकं पाडत होता तेव्हा चौकट मीच धरलेली."

हितेंद्रने क्षणभर विचार केला आणि एकदम खुलला. "म्हणजे ड्रायव्हरला मागच्या बोलण्याचा डिस्टर्ब नको म्हणून! वा! आमचे दादाजी त्या जमान्यात पण स्टाफचा किती विचार करायचे! मॅडम, हे रिपोर्टमध्ये टाकाच. लोकांना अशी स्टोरी आवडते."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त लागलं. चेष्टा केली असती तर चार शब्द सुनावता आले असते. आबा नेहमीसारखे "होय शेठ" म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"आबा, कारण माहीत नाही असं लिहू?" मी हळूच विचारलं.

"माहीत आहे ना तुला?"

मग मी टॅबवर लिहिलं, आणि दोघांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. "काच मूळची नाही. नवा चालक बौद्ध असल्यामुळे मालकांनी ती मागाहून बसवून घेतली."

"मॅडम, हे काय लिहिता..." हितेंद्र पुढे आला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. खिशातून चष्मा काढून लावला, माझ्या हातातला टॅब घेतला आणि सावकाश वाचलं.

"चालक काय लिहितेस?" ते म्हणाले. "नाव घाल माझं. पुरं घाल."