भादरलेली मेंढी

सासूबाईंच्या हातात कात्री आली की सुटलेल्या धाग्याची धडगत नसे. तीस वर्षं त्यांनी पायाच्या मशीनवर भरतकाम केलं होतं. दोन वर्षांपूर्वी सुनेनं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं, ते आपलं आपण नक्षी भरायला लागलं आणि सासूबाईंच्या वाट्याला उरलं फक्त धागे कापणं. आता आपली गरज संपली, हे त्यांना मनातून फार लागलं होतं. पण बोलून दाखवतील तर त्या सासूबाई कसल्या! धागे तेवढे जरा जास्तच जोरात कापत.

त्या दिवशी सून भलतीच खुशीत होती. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान असलेल्या बाईंनी नमुन्यासाठी एकच कोट दिला होता. छातीवर मेंढी हवी, तीही हात लावल्यावर मऊ लागणारी. पसंत पडली तर असे पन्नास कोट. सुनेनं मेंढीच्या अंगभर रुंद, दाट टाके घातले, कोट उलटून खालचा धागा कापला आणि वरचे टाके सुईनं सोडवून वर ओढले. मेंढी छान पिंजारली. मग बाईंना फोन करायला ती गॅलरीत गेली.

सासूबाईंनी चष्मा लावला. "अगंबाई, काय हे ध्यान!" बाईंसमोर पोरीची शोभा व्हायला नको, म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं एकूण एक धागा कापून काढला.

"आई, बाई दोन तासांत येताहेत," म्हणत सून आत आली आणि जागीच थबकली. "मेंढी कुठं गेली?"

"ही काय! किती धागे सुटले होते गं. सगळे काढले."

"अहो आई, ती लोकर होती!"

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. आता धागे कापायचं कामही हातचं गेलं, असंच त्यांना वाटलं. सुनेच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण तो चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"थंडी वाजेल हो बिचारीला," ती म्हणाली. "आणि तिथंच परत तेवढे टाके घातले तर कापडाची चाळण होईल."

सासूबाई उठल्या, जुन्या मशीनवरचं कापड काढलं, कोट उलटा करून रिंगमध्ये ताणला आणि वरच्या धाग्याचा ताण धरणारा स्क्रू चक्क सैल केला.

"अहो, खाली सगळी वेटोळी पडतील!"

"पडू देत. वेटोळ्यांना टाके थोडेच लागतात, आणि खालची बाजू म्हणजेच कोटाची सुलट बाजू. तू मात्र बघू नकोस बाई, मला लाज वाटते. याच चुकीसाठी जन्मभर शिकायला येणाऱ्या पोरींना ओरडत आले."

मशीन धडधडलं. कोट सुलटा केला तर मेंढीच्या अंगभर कुरळी, गुबगुबीत लोकर! एका बाजूला जरा जास्तच वाढलेली. सुनेनं हसत मागून चिकटकापड लावून इस्त्री फिरवली, म्हणजे वेटोळी निसटायला नकोत.

दुकानवाल्या बाईंनी मेंढीत बोट खुपसलं, दाबलं, पुन्हा खुपसलं.

"ही मशीनवरची वाटत नाही."

"मशीनवरचीच आहे," सून म्हणाली. "फक्त मशीन जरा मानी आहे."

सासूबाईंनी डोळे वटारले.

"पन्नासही अश्शाच हव्यात. कधी द्याल?"

एरवी असं कुणी विचारलं की सून मशीनच्या पडद्याकडे बघून आकडा सांगायची. आज ती वळली आणि म्हणाली, "आई, किती दिवस लागतील?"

हा प्रश्न दोन वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. सासूबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बारा दिवस, हा हिशेब मनात कधीच झाला होता. तरी त्यांनी चष्मा काढला, पदरानं सावकाश पुसला, "बघते हं, जरा विचार करू दे," म्हणाल्या आणि दोघींनाही चांगलं ताटकळत ठेवलं.