दोन मापांचे गलोश

"बसून माप देऊ नका, ताई. उभ्या राहा. वजन पडलं की पाय खरं बोलतो," मोची तोक्तोसुन म्हणाला.

सायकालने कागदावर दोन्ही पावलं टेकवली. उजवं एकोणचाळीस नंबरचं, डावं छत्तीस. नारिन गावच्या दवाखान्यात ती तीस वर्षं रक्त तपासत होती. आकड्यांवर रागावायची तिला सवय नव्हती. आजवर मोठ्या मापाचा जोड घ्यायचा आणि डाव्यात लोकर कोंबायची, असंच चाललं होतं.

आठवड्याने मऊ कातड्याचे बूट तयार झाले. डावा पाय आत गेला आणि कुठेच हलला नाही. तिने दुकानात उगाचच तीन फेऱ्या मारल्या.

"आता बाहेर जाताना बुटांवरून चढवायचे रबरी गलोशही दोन मापांचे घ्या," तोक्तोसुन म्हणाला.

"ते दारात काढावे लागतात. दिसतील."

"मग कोंबा लोकर! माझी मेहनत गेली चुलीत."

तिने दोन मापांचे घेतले. शनिवारी मुलासाठी मागणी घालायला जायचं होतं. दोष नातवंडांत उतरेल अशी नुसती शंका आली, तरी सोयरीक मोडली असती. मुलीच्या घरी पोहोचल्यावर तिने गलोश काढून कोपऱ्यात, इतरांच्या जोड्यांमागे सारले.

चहा झाला, मटण झालं, मदतीला आलेली शेजारीण घरी गेली. मुलीची आई बुरमा एवढंच म्हणाली, "विचार करून कळवतो."

निघताना पाहिलं तर मुलीने, नुरझादाने, रीतीप्रमाणे सगळ्यांचे जोडे बाहेर तोंड करून मांडले होते. हातात एक छोटा गलोश घेऊन ती कावरीबावरी उभी होती.

"आई, कुणीतरी चुकीचा घालून गेलं!"

"ती शेजारची सालामत! डोळे असतात कुठे बाईचे? जा, आण मागून."

नुरझादा उंबऱ्यापर्यंत गेली.

"थांब, बाळा," सायकाल म्हणाली. "सालामतचा काही दोष नाही. दोन्ही माझेच आहेत."

तिने नुरझादाच्या हातातला गलोश घेऊन दुसऱ्याशेजारी ठेवला.

"सहा वर्षांची असताना पोलिओ झाला. तेव्हापासून डावं पाऊल वाढलं नाही. पोरांत उतरणारं नाही ते. पण आधीच सांगायला हवं होतं."

बुरमा तिच्या पायांकडे बघत राहिली. "आणि आमच्या पायऱ्या अशा उंच! म्हणायचं नाही का, विहीणबाई?" तिने सायकालचा दंड धरला. "गुरुवारी आम्ही येतो तुमच्याकडे."

नुरझादा खाली बसली. आधी तिने गलोशांची टोकं जुळवली. मग थांबली, टाचा जुळवल्या, आणि पुढचं अंतर तसंच राहू दिलं.