पाचवं चित्र

चित्रं मांडण्यात मेव्हिसचा हात कोणी धरू शकलं नसतं. तिला वाचता येत नाही, गोष्टी सावकाश उमगतात, म्हणून जन्मभर लोकांनी तिला बाजूला बसवलं. पण तिच्यासारख्यांना मरताना काय हवं असतं, हे विचारायला विद्यापीठातल्या हॅरिएटने तिलाच पगारावर घेतलं होतं. मेव्हिस चित्रं मांडून विचारायची, हॅरिएट लिहून घ्यायची.

इंग्लंडमधल्या बर्नली गावात अशा माणसांसाठी चालवलेल्या एका घरात ऑल्विन तीस वर्षं राहत होता. तोही मेव्हिससारखाच. आता पोटात कॅन्सर, आणि शुक्रवारी त्याला गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवायचं ठरलेलं. घर सांभाळणाऱ्या ग्लेंडाने दोघींना दारातच अडवलं आणि पाचही चित्रं बघून घेतली.

"मरणाचं चित्र तेवढं काढून ठेवा हं. त्याला काही ठाऊक नाही. हाय खाईल बिचारा."

"बरोबर आहे," हॅरिएट म्हणाली. "ज्याला सांगितलेलं नाही, त्याला आम्ही विचारायचं नाही, असा नियमच आहे आमचा."

मेव्हिसने पाचवं, मरणाचं चित्र खिशात घातलं. तोंडाने हो म्हणाली, पण तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिची आई गेली तेव्हा तिलाही असंच जपलं होतं. आईला पुरलं त्या दिवशी हिला समुद्रावर नेऊन आइस्क्रीम चारलं! पुढे वर्षभर ती खिडकीत बसून आईची वाट बघत होती. मेलं ते जपणं!

ऑल्विन खुर्चीत पांघरूण घेऊन बसला होता. मेव्हिसने चार चित्रं मांडली. आजारी माणूस, डॉक्टर, पलंग, घर. त्याने ती बोटाने चाचपली आणि वर बघितलं.

"एक कमी आहे."

"चारच आहेत रे," मेव्हिस म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, तसे झाले.

"मला काय खुळा समजतेस? आजारी पडला, डॉक्टर आला, निजला. मग?"

हॅरिएटने मान हलवून नको म्हटलं. नोकरी जाईल, मेव्हिसच्या मनात आलं. जाईना का. तिने खिशातून चित्र काढलं. फुलं ठेवलेली शवपेटी.

"हां, हेच," ऑल्विन म्हणाला. रडला नाही, काही नाही. त्याने पलंगाचं चित्र उचलून घराच्या चित्रावर ठेवलं, आणि शवपेटीचं त्याच्या शेजारी. "इथंच. माझ्या खोलीत. पण ग्लेंडाला कळू देऊ नकोस हं. तिला ठाऊक नाही मी मरणार ते. भांडी घासताना एकटीच रडत असते, आधीच कसलंतरी दुःख आहे तिला."

दारात कपबशा खणखणल्या. ग्लेंडा चहाचा ट्रे घेऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे. ट्रे मेव्हिसच्या हातात देऊन ती ऑल्विनच्या पायाशी खाली बसली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली.

"झालं! सांगितलंस ना हिला?" ऑल्विन मेव्हिसवर खेकसला. मग ग्लेंडाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "शुक्रवारची गाडी नको म्हणून सांग त्यांना. मी आहे ना इथं."