फुलीची बाजू

माझी धाकटी बहीण प्राणिसंग्रहालयात साप सांभाळते आणि घरात तिचं नाव चिमणी आहे. या विनोदावर आम्ही पुष्कळ हसून घेतलंय. पण त्या सकाळी ती टोपली छातीशी धरून आमच्या हॅचरीच्या, म्हणजे कोंबडीची अंडी उबवायच्या जागेच्या, दारात उभी राहिली, तेव्हा कोणालाच हसू आलं नाही. तिचे डोळे सुजले होते.

"ताई, राणी गेली," एवढंच ती म्हणाली.

राणी म्हणजे तिची अजगराची मादी. हातभर लांबीची होती तेव्हापासून चिमणीनं तिला वाढवलं होतं. राणीनं अंडी घातली, त्यांच्याभोवती वेटोळं घातलं आणि सकाळी त्याच वेटोळ्यात थंड पडलेली सापडली. सापासाठी कोणी असं रडतं हे मी पहिल्यांदाच पाहत होते. टोपलीत काय आहे ते कळल्यावर मी दोन पावलं मागे सरकले, हेही खरं. मी अंड्यांतच लहानाची मोठी झालेली बाई, पण ही अंडी बघून माझ्या अंगावर काटा आला. पांढरी, लांबट आणि चामड्यासारखी मऊ.

"तिथलं अंडी उबवायचं यंत्र बंद पडलंय. साहेब म्हणाले, जमलं तर बघ, नाहीतर पुरून टाक." तिचा आवाज फुटला. "ताई, तिचं एवढंच उरलंय गं."

बाबा पायरीवर बसून सगळं ऐकत होते. ही हॅचरी त्यांनी उभी केली, सारी हयात कोंबडीच्या पिल्लांत घालवली आणि त्या पिल्लांचा पहिल्या नंबरचा वैरी म्हणजे साप. चिमणीनं ती नोकरी धरल्यापासून त्यांनी तिच्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. जेवलीस का विचारतील, पैसे हवेत का विचारतील, पण कामाचं नाव निघालं की उठून जातील. तेव्हाही त्यांनी टोपलीकडे एकदा पाहिलं.

"ती ठेवाल त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही," ते म्हणाले आणि चपला सरकवून चालते झाले. माझं डोकंच फिरलं. पोरगी समोर रडतेय आणि यांचं आपलं भलतंच.

मी आमचं मोठं मशीन उघडून दाखवलं. चिमणीनं आकडा वाचला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिची अंडी उकडायला काढली होती.

"ताई, ही भट्टी आहे! यांना पाच-सहा अंश कमी लागतं. हा पंखा यांना सुकवून टाकेल. आणि तुझे ट्रे तर सारखे कलत असतात."

"मग? अंडी फिरवायला नकोत?"

"अजिबात नाही."

मी आ वासून बघत राहिले. आमच्या धंद्यात अंडं न फिरवणं म्हणजे पापच. फिरवलं नाही तर पिल्लू आतून कवचाला चिकटतं आणि मरतं, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकलो. चिमणीनं मान हलवली. "यांचं नेमकं उलटं. यांचं पिल्लू वरच्या बाजूला चिकटूनच वाढतं. अंडं उलटं झालं की सगळा बलक त्याच्या अंगावर. मग संपलं."

बाबांचं जुनं, काचेच्या झाकणाचं छोटं यंत्रही तिनं नापास केलं. ते वरून तापतं आणि तळाशी गार राहतं. शेवटी तिची नजर मागच्या खोलीतल्या बंद पडलेल्या फ्रीजवर गेली. त्यात बाबा खिळे, पकडी आणि हातोडी ठेवायचे. "हाच!" ती म्हणाली. "जो गारवा धरून ठेवतो तो ऊबही धरून ठेवतो." मला हसावं की रडावं कळेना, पण तिचं म्हणणं खरं होतं.

मग आम्ही दोघींनी फ्रीज रिकामा केला आणि पुसला. आत गरम होणारी वायर फिरवली आणि ती थर्मोस्टॅटला जोडली. वीज गेली तरी ऊब टिकावी म्हणून तळाशी पाण्याच्या बाटल्या उभ्या केल्या. तापमान मोजणारी तार मी भिंतीला चिकटवत होते, तर चिमणीनं माझ्या हातावर चापट मारली. "भिंतीला काय करायचंय? अंड्यांजवळ लाव!" रोपवाटिकेत कुंड्यांत घालतात तो हलका, चमकता भुसा तिनं ओला केला आणि मुठीत दाबून पाहिला. गोळा व्हायला हवा, पण पाणी टपकायला नको. डब्यात तो पसरून, आकडा स्थिर झाल्यावर, तिनं एकेक अंडं होतं तसंच उचलून ठेवलं. तीन अंडी एकमेकांना इतकी घट्ट चिकटली होती की ती तिनं सोडवलीच नाहीत. तशीच मागच्या कोपऱ्यात ठेवली. शेवटी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं एक फुली काढली.

"ही बाजू वर. कायम. आणि दार उगाच उघडू नकोस, आकडा बाहेरून दिसतो. मी सुट्टीला येईन."

मी आकडा बघत राहिले. तो जागचा हलला नाही. बाबा मात्र बदलले. सकाळी लवकर उठायला लागले, गुणगुणायला लागले. एकदा तर मागच्या खोलीतून बाहेर येताना मला धडकलेच.

"बाबा, तुम्ही? या खोलीत?"

"हातोडी शोधत होतो," ते म्हणाले. हातोडी त्यांच्या नाकासमोर खिडकीत होती. मी मनात म्हटलं, चला, म्हातारा विरघळला. चिमणीला सांगायचं ठरवून मी खूशही झाले.

ती सुट्टीला आली त्या संध्याकाळी तिनं हात धुवेपर्यंत मी फ्रीजचं दार उघडलं आणि डब्याचं झाकण उचललं. फुली कुठेच दिसेना. समोरच्या प्रत्येक अंड्यावर एक गोल होता. नाण्यानं आखल्यासारखा नेटका गोल. तो हात मी हजारात ओळखला असता.

हातानं अंडी फिरवणारा माणूस अंड्याच्या एका बाजूला फुली काढतो आणि दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर, म्हणजे कुठलं फिरवायचं राहिलं ते चटकन कळतं. नुसती फुली दिसली, तर काम अर्धवट राहिलंय असंच कोणताही हॅचरीवाला म्हणेल.

"बघितलंस ना?" मागून बाबांचा आवाज आला. चेहरा नुसता फुललेला. "चिमणे, अगं दुःखात होतीस, गोल काढायचे विसरलीस. मी काढले. एक वेळ चुकवली नाही बघ!"

चिमणी ओल्या हातांनी दारात उभी होती. "बाबा, मारलीत तुम्ही ती! फिरवायची नसतात ही! मरतात फिरवली की!" मी ओरडले.

बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग अंड्यांकडे, मग स्वतःच्या हातांकडे. ते मटकन स्टुलावर बसले. इतकी वर्षं त्यांनी तिचं काम झिडकारलं, आणि पहिल्यांदा मायेनं हात लावला तर हे झालं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

चिमणीनं मला खिडकी लावायला सांगितली. मग मोबाइलचा उजेड एका अंड्याला टेकवला. आत नुसता पिवळा गढूळपणा. दुसरंही तसंच. तिसरंही. प्रत्येक वेळी ती हळूच "गेलं" म्हणायची आणि प्रत्येक वेळी बाबा मान आणखी खाली घालायचे.

"आणि ती मागची तीन..." बाबा पुटपुटले. "ती तर माझ्याकडून राहूनच गेली. चिकटलेली होती. ओढली तर फाटतील, म्हणून हात लावला नाही. रोज वाटायचं, एवढी तीन माझ्यामुळे वाया जाणार. तुला सांगणारच होतो, चिमणे."

चिमणी गर्रकन वळली. डबा न हलवता तिनं कोपऱ्यापर्यंत हात नेला. त्या तिन्ही अंड्यांवर फुली होती. तिनं उजेड टेकवला, आणि कवच आतून गुलाबी झालं. लाल शिरांचं जाळं पसरलेलं, आणि त्यात एक काळसर वळसा. आम्ही बघत असतानाच तो वळवळला. मी किंचाळलेच.

"बाबा, इकडे या," चिमणी म्हणाली. ती रडत होती.

"मी नको. माझे हात..."

"हात मागे धरा आणि या!"

बाबा उठले. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले आणि फ्रीजमध्ये वाकले. लाखो पिल्लं उजेडात पाहिलेला माणूस, पण पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत राहिले.

"हलतंय गं, चिमणे," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. ते पुसायलासुद्धा त्यांनी हात पुढे आणले नाहीत.