पाहुण्यांसाठी शिंपलेलं मैदान

फुटबॉल मी जन्मात खेळले नव्हते. उदगीरच्या कॉलेजात हँडबॉल खेळायचे, तेही लग्न ठरेपर्यंत. मग या गावात आले आणि नवऱ्याच्या, म्हणजे विरूपाक्षच्या, किराणा दुकानात गुळाच्या ढेपा फोडत बसले. त्यामुळे एक पुण्याची संस्था गावोगावचे फुटबॉल प्रशिक्षक तयार करते आहे आणि बायकांना आधी घेते आहे, असं कळलं तेव्हा मी घरात विचारलं नाही, नुसतं सांगितलं. विरूपाक्ष म्हणाला, "जा की. गिऱ्हाइकाला तरी दोन घटका शांती मिळंल." माझं तोंड गावात प्रसिद्ध आहे.

प्रशिक्षण नांदेडला झालं. शिकवायला मुक्ता मॅडम होत्या. सतत हसऱ्या, आणि मला नुसतं मुक्ता म्हणा असा त्यांचा आग्रह. आम्ही कुणी म्हटलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की चेंडू हे निमित्त आहे. गरीब घरच्या पोरापोरींना जगायला लागणारी कौशल्यं आपल्याला शिकवायची आहेत. निर्णय घेणं, राग आवरणं, नको ते नको म्हणणं आणि सगळ्यात मोठं म्हणजे आवाज उठवणं.

त्यासाठी खेळाचे तीन भाग केलेले. पहिल्यात दोन्ही संघांनी मिळून नियम ठरवायचे, दुसऱ्यात खेळायचं आणि तिसऱ्यात सगळ्यांनी रिंगण करून बसायचं नि कोण कसं वागलं ते तोंडावर सांगायचं. पंच नाहीच. या खरं बोलण्याला गोलाइतकेच गुण. "मैदानावर जे चुकीचं घडलं ते बोलायचं, मग समोर कुणीही असो," असं मॅडम परत परत म्हणायच्या. मला हे फार आवडलं. आमच्याकडे बाई तोंडावर बोलली की तिला तोंडाळ म्हणतात, आणि इथं त्याच गोष्टीला कौशल्य म्हणत होते.

आमचं गाव उदगीरहून देगलूरकडे जाताना लागतं. त्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे रेल्वे नव्हती, व्यंकट ड्रायव्हरचा टँकर होता. टँकर सरकारी, पण तो कोणत्या गल्लीत वळायचा ते आप्पासाहेब ठरवायचे. शाळेची संस्था त्यांची, शाळेचं मैदान त्यांचं. आणि हो, फुटबॉलही त्यांचाच. उदगीर जिल्हा होणार, आता नक्की होणार, अशी हूल दरवर्षीसारखी उठलेली होती. जिल्हा व्हायचा बाकी होता, पण 'नियोजित जिल्हा फुटबॉल संघटना' होऊन तिची पाटीसुद्धा रंगवून झाली होती. खाली अध्यक्ष म्हणून आप्पासाहेबांचं नाव. चेंडूला त्यांचा पाय कधी लागला असेल तर तो चुकून.

माझ्या संघात पोरी जमल्या त्या बहुतेक वरच्या वस्तीवरच्या. ही वस्ती ओढ्यापलीकडे माळावर आहे. तिथली माणसं रोजानं कामाला जाणारी, आणि त्या वर्षी कामच नव्हतं. त्यांच्यात सिंधु नावाची एक आठवीतली पोर होती. काटकुळी, पण पाय असे चालायचे की मोठी पोरं तिच्या वाटेतून बाजूला व्हायची. नियम ठरवताना सगळ्यात जास्त वाद हीच घालायची. "अक्का, असं का? तसं का न्हाई?" मला तिचा राग यायचा आणि लाडही यायचा.

तिची आई केवळाबाई. वस्तीवरची निम्मी घरं कुलपं लावून हैदराबादला बांधकामावर गेली होती. केवळाबाईला मी हात जोडले होते की सिंधुची शाळा होऊ द्या, मग कुठं जायचं ते जा. तिनं सरळ सांगितलं, "अक्का, कामाचं म्या कसंबी बघीन. पर पाणी हाय तवर ऱ्हाते. टँकर बंद झाला की ह्या माळावर कोण जगंल? मंग मला आडवू नका." मी कबूल झाले. म्हणजे सिंधु गावात राहणार की नाही हे व्यंकटच्या टँकरवर ठरणार होतं, आणि ते मला, तिला, तिच्या आईला, तिघींनाही पक्कं माहीत होतं. टँकर वस्तीवर आठवड्यातून दोनदा चढायचा. त्या दिवशी सिंधु सरावाला यायची नाही, पाइप धरायची.

एप्रिलात मुक्ता मॅडमचा निरोप आला. देणगीदार मंडळींना घेऊन त्या आमचं काम पाहायला येणार होत्या. आप्पासाहेबांना तर घरात लग्न निघाल्यासारखं झालं. फेटे आले, मंडप आला. मला बोलावून म्हणाले, "निलम्मा, पाव्हणे पुण्याचे येलालेत. मैदानात नुसता फुफाटा हाय. पाव्हण्याच्या तोंडात माती गेली तर गावाची इज्जत जाईल."

पाहुणा येणार म्हटलं की दारात सडा पडलाच पाहिजे, ही आमच्या लोकांची रीत. दुष्काळ असो, घरात प्यायला नसो, कोरड्या अंगणात पाहुण्याला उतरवायचं म्हणजे आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आमच्या घरीही सासूबाई भांडी घासलेलं पाणी साठवून ठेवायच्या, दारात शिंपायला. तर त्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले आणि पाहते तो सगळं मैदान ओलं. काळीभोर माती, तिचा वास, कडेनं रांगोळी. मी विचारलं, पाणी कुठलं? शिपाई म्हणाला, आप्पासाहेबांच्या बोअरचं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होतं ते.

पाहुणे आले. फेटे बांधून झाले, आप्पासाहेबांचं भाषण झालं. त्यात जिल्हा झाल्यावर इथं स्टेडियम होणार, असं निघालं. मग खेळ झाला. मुलं-मुली मिसळून दोन संघ, आणि सिंधु एका संघाची कप्तान. पण तिचं खेळात लक्ष नव्हतं. पायात आलेला चेंडू ती सोडून देत होती आणि सारखी खाली मातीकडे बघत होती. मला वाटलं, पाहुण्यांना बुजली.

तिसरा भाग सुरू झाला. रिंगण केलं, आणि पाहुणे बघायला म्हणून खुर्च्या घेऊन जवळ येऊन बसले. एकानं मोबाइल धरला. एका पोरानं सांगितलं की मीच ढकललं होतं, आणि माफी मागितली. पाहुणे माना डोलवत होते. मग सिंधुनं हात वर केला.

"आज मैदानावर एक चुकीचं झालंय," ती म्हणाली. "हे पाणी आमच्या वस्तीचं हाय. काल आमचा टँकर होता, त्यो आला न्हाई. व्यंकटकाका हितं वतून गेले, टँकरच्या चाकाच्या खुणा हायत मातीत. माय रात्रभर घागरी मांडून बसली व्हती. म्या सकाळी ओढ्यात झिरा उकरला तव्हा कुठं तोंड धुतलं. ज्यानं कुणी हे केलं त्यानं रिंगणात येऊन सांगावं आन् आमचं पाणी द्यावं."

आवाज जराही कापला नाही तिचा. आप्पासाहेब खुर्चीतच होते. फेट्याखाली त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. माझी छाती भरून आली होती आणि त्याच वेळी टँकर कुणाच्या शब्दावर वळतो तेही आठवलं होतं.

मग टाळ्या वाजल्या. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुक्ता मॅडमच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी सिंधुला जवळ घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हेच. आपण ज्यासाठी काम करतो ते हेच." देणगीदारांतले एक गृहस्थ म्हणाले, काय आत्मविश्वास आहे! सिंधुच्या संघाला खरं बोलण्याचे पैकीच्या पैकी गुण दिले गेले. फोटो निघाले, आणि आप्पासाहेबही हसून फोटोत उभे राहिले. सिंधु मधे उभी होती आणि वाट बघत होती. शेवटी तिनं माझा पदर ओढून हळूच विचारलं, "अक्का, मग पाणी कव्हा देतेत?"

मी मॅडमकडे गेले. त्या गाडीत बसत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, त्या पाण्याचं तेवढं बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतील." त्यांचा चेहरा खरंच ओशाळला, एवढं मी म्हणेन. म्हणाल्या, "निलम्माताई, स्थानिक गोष्टीत पडायचं नाही असं आमचं धोरण आहे. मैदान त्यांचंच आहे ना? कार्यक्रम बंद पडला तर या मुलींचंच नुकसान." गाड्या गेल्या. वस्तीच्या पाण्यानं बसलेला फुफाटा तेवढा गाड्यांमागं उडाला नाही, पाहुण्यांची सोय झाली.

संध्याकाळी मी आप्पासाहेबांच्या वाड्यावर गेले. विरूपाक्ष नको नको म्हणत होता. आप्पासाहेब ओरडले वगैरे काही नाहीत. पान लावता लावता म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तुम्ही चांगलं शिकवलंव. पर वस्तीवरची निम्मी घरं रिकामी हायत, तिथं टँकर चढवायला परवडंना असं व्यंकट म्हणलालाय. आता ओढ्यापत्तोर येईल, तिथून त्यांनी न्यावं." मी म्हटलं, "ओढ्यापासून माळ चढून घागरी न्यायच्या? म्हाताऱ्याकोताऱ्यांनी?" ते म्हणाले, "मग त्यांनी आवाज उठवावा की." आणि हसले. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही.

पुढं टँकर ओढ्याशीही येईनासा झाला. गावातली माणसं मला म्हणाली, अक्का, पोरीला तुम्ही चढवलंव. वस्तीवरच्या बायकांनी केवळाबाईशी बोलणं टाकलं. तुझ्या पोरीपायी आमचं पाणी तुटलं, असं तिला ओढ्याशी, देवळाशी, सगळीकडे ऐकावं लागलं. एका सकाळी ती पोरीला आणि एक गाठोडं घेऊन दुकानापुढं उभी राहिली. अडवू नका असं तिनं आधीच सांगून ठेवलेलं, आणि मी कबूल झालेली. सिंधुनं संघाकडून मिळालेले खेळाचे बूट परत आणून दिले, धुऊन. कुठल्या पाण्यानं धुतले होते कुणास ठाऊक. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडंच. ती म्हणाली, "तिथं कुठं मैदान असतंय, अक्का."

संघ मोडला. जूनमध्ये नांदेडला नव्या प्रशिक्षकांची तुकडी होती, तिथं मला अनुभव सांगायला बोलावलं. सभागृहात पडद्यावर सिंधुचा व्हिडिओ लावला. तिचं ते बोलणं, हात वर केलेला. शेवटी टाळ्यांच्या आवाजावर संस्थेचं नाव आलं. मुक्ता मॅडमनी विचारलं, या मुलीच्या प्रशिक्षकानं काय बरोबर केलं? हदगावहून आलेला शिवलिंग नावाचा एक पोरगेला मास्तर मागून म्हणाला, "मॅडम, त्यांला पाणी मिळालं का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. टँकरचं, ओढ्याचं, वस्तीवरच्या बायकांचं, गाठोड्याचं. मॅडम म्हणाल्या, "हे सांगितल्याबद्दल मनापासून आभार, ताई. यावरून आपल्याला कळतं की बदलाला वेळ लागतो." मग चहाची सुट्टी झाली. मी चहा न घेताच एसटी स्टँडवर आले. पुन्हा त्यांनी बोलावलं, मी गेले नाही. व्हिडिओ अजून दाखवतात म्हणे.

मी परत दुकानात बसू लागले. एक दिवस दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. "अक्का, म्या सिंधु." हैदराबादेत कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होती. मागं काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, म्हणून मोठ्यानं बोलत होती. केवळाबाईला ताप होता, उभं राहवत नव्हतं, आणि मुकादम म्हणत होता की काम बंद केलं तर शेडमधून सामान बाहेर फेकीन.

"अक्का, उद्या सकाळी समदे हजरीला जमतेत," ती म्हणाली. "तव्हा समद्यांम्होरं त्याला बोलू का म्या? मला बोलाया येतं."

मला ते दिसलं. ती हात वर करून उभी, आवाज न कापता बोलणारी. आणि त्यानंतरचंही दिसलं. परक्या गावच्या रस्त्यावर पडलेलं सामान आणि त्याच्याशेजारी तापानं फणफणलेली केवळाबाई. तिथं टाळ्या वाजवायलाही कुणी नव्हतं.

"न्हाई," मी म्हटलं. "काही बोलायचं न्हाई, सिंधु. मान खाली घालायची. मायचं काम तू कर. गप ऱ्हायचं, कळलं का?"

मला वाटलं, आता ती असं का म्हणून भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"हाव," ती म्हणाली. "मायबी हेच म्हणली. मला वाटलं, अक्का येगळं काही सांगतील."

मी वेगळं काही सांगितलं नाही.